सकाळी सहाला खाली कोण नेणार? कुत्रं पाळणाऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमचा पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर टू-बीएचके फ्लॅट आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा घरी फक्त सासूबाई असतात, वय ७२. मुलगा आठ वर्षांचा. त्याला हस्की हवा आहे, यजमान लॅब्राडॉर म्हणतात. नाशिकची हवा थंड आहे, तर हस्की चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. नाशिकची थंडी डिसेंबर-जानेवारीतली, तीही पहाटेची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्री दहापर्यंत घर भाजत राहतात. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा दाट. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर पडते. मग काही जण मे महिन्यात हस्कीला सरळ भादरून आणतात. ते आणखी वाईट, कारण वरचा थर ऊनही अडवत असतो आणि एकदा काढला की पूर्वीसारखा येईलच असं नाही. दिवसभर एसी लावायची तयारी असली तरी दुसरी अडचण उरतेच. ही जात बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी वाढवलेली. रोज दीड-दोन तास दमवलं नाही, तर सोफ्याचा फोम बाहेर येतो आणि हेल काढून रडणं सुरू होतं, ते तळमजल्यापर्यंत ऐकू जातं.

लॅब्राडॉर मुलांशी छान जमवून घेतो हे खरं. पण तो पूर्ण वाढला की २५ ते ३५ किलोचा होतो. पट्टा सासूबाईंच्या हातात आहे आणि समोरून मांजर पळालं, तर काय होईल याचा विचार करा. शिवाय तो खादाड. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे पाव लॅब्राडॉरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. तो आशाळभूतपणे ताटाकडे बघतो म्हणजे उपाशी असतो असं नाही, पण आजीचा जीव राहत नाही, एक पोळी जाते, आणि तीन वर्षांत कुत्रं बिछान्यावरून उठताना कण्हायला लागतं.

जात ठरवण्याआधी एका कागदावर लिहा : सकाळी सहाला आणि रात्री दहाला खाली कोण नेणार, नावानिशी. ‘सगळे मिळून’ हे उत्तर नव्हे. आठ वर्षांचा मुलगा हेही नव्हे. पिल्लू जेवढ्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला तर जेमतेम तेवढे तास ते लघवी धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर तीन तासांनी जागा दाखवावी लागते : झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर. हे काम ७२ वर्षांच्या बाईंवर टाकणार का?

म्हणून तुमच्या घरी पिल्लूच नको. दीड-दोन वर्षांची, नसबंदी झालेली देशी कुत्री दत्तक घ्या. १५-१८ किलो वजन, आखूड केस, स्वभाव आणि आकार आधीच कळलेला. दिवसातून तीनदा बाहेर नेलं की भागतं. दुपारच्या फेरीसाठी कुणाला तरी पैसे देऊन ठेवा. आणण्याआधी सासूबाईंना आणि मुलाला दोन वेगवेगळ्या दिवशी तिच्याजवळ बसवा. मुलाच्या धावपळीने ती दबकत असेल तर दुसरी बघा.

पांढरं केसाळच हवं असेल तर स्पिट्झचा विचार होऊ शकतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘पॉमेरियन’ म्हणून पाळलं जातं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. उन्हाला हस्कीपेक्षा सरावलेलं, पण भुंकतं फार आणि एक दिवसाआड विंचरावं लागतं. पग आणि शिह-त्झू यांची नाकं इतकी चपटी की मे महिन्याच्या दुपारी नुसतं जिना चढूनही श्वास लागतो. बीगल दिसायला गोड, आवाज मात्र शिकारी कुत्र्याचा. सोसायटीत ठेवण्याआधी शेजाऱ्यांचा विचार करा.

प्रश्न : सिडकोतल्या एका ओळखीच्यांमार्फत जर्मन शेफर्डचं पिल्लू मिळतंय. ‘४५ दिवसांचं, लस झालेली, पेपरसकट’ असं सांगतात. काय बघून घ्यावं?

उत्तर : आधी तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. पुढचे बारीक दात आणि सुळे आहेत, पण मागच्या दाढा हिरडीतून नुकत्या डोकावताहेत, तर पिल्लू चार-पाच आठवड्यांचं आहे, सांगणारा काहीही सांगो. आणि ४५ दिवस खरे असले तरी ते कमीच. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो कागद मागा. ‘पेपर’ म्हणजे केनेल क्लबची वंशावळ. त्यावरून आईबाप कळतात, तब्येत नाही. शेफर्ड आणि लॅब्राडॉर या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष वारशाने येतो, म्हणून आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे झालाय का हे वंशावळीइतकंच महत्त्वाचं.

आई दाखवत नसतील तर उठून या. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजता येतील अशा, तर जंत. हिरड्या गुलाबी हव्यात, शेपटीखालचे केस कोरडे हवेत. लसीच्या कार्डावर हाताने लिहिलेली तारीख पुरत नाही. बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा.

‘लस झाली’ याचा अर्थ बहुधा एक डोस झाला, एवढाच. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही निष्प्रभ करते. ती कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्याला ओसरते, कुठल्यात पंधराव्या. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी एक, असं सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालवतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि त्यानंतरचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना. हे होईपर्यंत बागेत, रस्त्यावर जमिनीवर सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका : साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं त्याची भीती पुढे राहत नाही. कडेवर घेऊन रिक्षास्टँड, भाजीबाजार, कुकरची शिट्टी, सगळं दाखवा.

आणि एक विचारायचं राहतं : त्या घरात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी गेलं आहे का? तो पार्व्हो असू शकतो. त्याचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं.

प्रश्न : नाशिकरोडला राहतो. लॅब्राडॉरचं पिल्लू चार महिन्यांचं आहे. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेत, पंजे पसरलेत. दूध-पोळी आणि बिस्किटं खातो. घरात मांसाहार नाही. मेडिकलवाल्याने कॅल्शियमची बाटली दिली, रोज दोन चमचे देतोय. सकाळचं कोवळं ऊनही देतो.

उत्तर : पहिली गोष्ट, दोन्ही पाय सारखेच वाकलेत का एकच? एकच असेल तर हाडाच्या वाढीच्या टोकाला मार लागलेला असू शकतो, आणि तिथे आठवडाभराची दिरंगाईही पायाला महाग पडते. लगेच एक्स-रे. दोन्ही सारखे असतील तर दोष बहुतेक ताटलीत आहे, तरी एक्स-रे काढाच.

दूध-पोळीने पोट भरतं, हाड भरत नाही. लॅब्राडॉर या वयात आठवड्याला किलोच्या आसपास वाढतो. त्याला लागणारी प्रथिनं त्यात नाहीत, आणि कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण बिघडलेलं. ड जीवनसत्त्वही नाही. कोवळ्या उन्हाचा इथे उपयोग नाही : माणसाची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व करते, कुत्र्याची जवळजवळ करत नाही. ते खाण्यातूनच जावं लागतं.

बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, दिलं तेवढं बरंचसं शोषलं जातं. मोठ्या जातींत त्यानेही हाडं-सांधे बिघडतात. दुखणं एक आणि औषधाने दुसरं, असं व्हायला नको.

मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य आणा. घरात मांस शिजवायचं नाही आणि पाकीटबंद खाद्य चालतं, अशी तडजोड बऱ्याच घरांत होते. तेही नको असेल तर पूर्ण शाकाहारी तयार खाद्य डॉक्टरांना विचारूनच निवडा. वरण-भात-पनीरचा अंदाजाने केलेला मेळ या वयात धोक्याचा. बदल सात दिवसांत करा : दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललं तर जुलाब होतात आणि खाद्याला बोल लागतो. दिवसाचं माप पाकिटावरच्या तक्त्यातून, मोठेपणीचं अपेक्षित वजन धरून, तीन जेवणांत वाटून. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना जाणवल्या पाहिजेत. जाणवत नसतील तर जास्त होतंय. तक्त्याच्या वर कॅल्शियम नको.

आता फरशी. गुळगुळीत टाइल्सवर प्रत्येक पावलाला पंजे फाकतात. तो जिथून दाराकडे धावतो त्या वाटेवर सतरंजीचे किंवा रबरी मॅटचे पट्टे टाका. नखं टकटक वाजत असतील तर कापा, पायाच्या तळव्यातले केसही. वर्षभराचा होईपर्यंत जिन्यावर पळवणं, स्कूटरमागे पळवणं नाही.

प्रश्न : दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे. बिबट्याचा वावर वाढलाय. मागचं कुत्रं रात्री साखळीला बांधलेलं होतं, ते त्याने नेलं. आता रॉटवायलर आणावा का जर्मन शेफर्ड?

उत्तर : बिबट्याला पुरून उरेल अशी कुत्र्याची जातच नाही. तो गळा धरतो, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायची वाटही नसते. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात कुत्रा पहिल्या क्रमांकावर निघाला. कुत्र्याने लढायचं नसतं, ओरडायचं असतं. ते काम पिंजऱ्यातूनही होतं.

घराला लागून सहा फूट बाय चार, उंची पाच-सहा फूट. जाड वेल्डमेशची जाळी, छतालाही जाळी आणि वर पत्रा, खाली कोबा. माती ठेवली तर कुत्रं उकरून बाहेर येतं. कडी बाहेरून, उघडझाप होणार नाही अशी. अंधार पडायच्या आत कुत्रं आत. उष्टं-खरकटं बाहेर राहू देऊ नका, त्यावर भटकी कुत्री आणि डुकरं येतात, आणि त्यांच्या मागावर तो येतो.

छाटणीला, काढणीला रोज नवे मजूर येणाऱ्या मळ्यात रॉटवायलर नको. चुकून सुटला तर चावा साधा नसतो. शेफर्ड चालेल, पण उन्हाळा आणि गोचिडी दोन्ही त्याला सोसत नाहीत. कारवानी (कॅरॅवन हाउंड) कुत्रं देखणं, मराठी मातीतलं, पण ते नजरेने शिकार धरणारं. ससा दिसला की तीन शेतं पलीकडे. मळ्याला दोन देशी पिल्लं आणा, एक नर एक मादी, दोघांची नसबंदी.

मळ्यातला दुसरा धोका तुमच्या पिकाचाच. द्राक्षाने काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. एखादं घोसभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं मूठभराने जातं. सुरक्षित असं माप नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातं. बेदाणे जास्त वाईट, कारण तेच सगळं आटून आलेलं. खाल्लेलं दिसलं तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडे, तिथे उलटी करवतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेच कुत्रं दगावू शकतं. उलट्या सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो.

कांद्याचं तसंच, फक्त संथपणे. वजनाच्या प्रत्येक किलोला १५ ग्रॅमच्या पुढे तांबड्या पेशी फुटायला लागतात. वीस किलोच्या कुत्र्याला म्हणजे तीन-चार मध्यम कांदे. शिजवून विष जात नाही, रोजच्या पिठल्या-रश्श्यातूनही साठत जातं. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, तोवर कांदा कोणाच्या लक्षातही नसतो : हिरड्या पांढऱ्या, लघवी कॉफीच्या रंगाची.

आणि फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावता, त्याची बादली, पंपाचं धुणं, घरात उरलेली, आता बंदी आलेली थिमेटसारखी दाणेदार कीटकनाशकं कुत्र्याच्या तोंडाला लागू नयेत. लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, अंग थरथरतं, तेव्हा दूध-तेल पाजत बसू नका. अंगाला लागलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा आणि डब्याचं लेबल सोबत घेऊन निघा.

प्रश्न : गंगापूर रोडला बंगला आहे. दर पावसाळ्यात कुत्र्याला गोचिडी होतात. पावडर, शाम्पू सगळं झालं. महिन्याने पुन्हा तेच.

उत्तर : कारण औषध कुत्र्याला लागतंय आणि गोचिडी भिंतीत आहेत. आपल्याकडची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. दर वेळी रक्त पिऊन एखाद्या फटीत शिरते. पोट टम्म फुगलेली राखाडी मादी भिंतीवरून वर चढताना दिसते ना, ती अंडी घालायला निघालेली असते, आणि अंडी हजारांनी. पोटात काही नसताना प्रौढ गोचीड कित्येक महिने जगते. अंगावर दिसतं ते हिमनगाचं टोक.

म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना डॉक्टरांकडून वजनानुसार गोळी. फ्लुरालानरची साधारण बारा आठवडे पुरते, अफोक्सोलानरची महिनाभर. फिट येत असेल तर आधी सांगा, ही औषधं बदलावी लागतात. त्याच दिवशी दाराच्या चौकटी, स्कर्टिंगच्या फटी, स्विचबोर्डच्या कडा, कुंड्यांखालची जागा, कंपाउंडच्या भिंतीच्या भेगा यांवर डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची फवारणी. पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं बाहेर. घरात मांजर असेल तर जास्त जपा, हा औषधवर्ग मांजराला घातक आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, मग आणखी एकदा. एकाच फवारणीवर थांबलात की अंड्यातून निघालेली नवी फौज तयार. भेगा सिमेंटने बुजवल्या तर पुढच्या वर्षीचं अर्धं काम आजच झालं.

गुरांचं औषध झाकणाने मोजून कुत्र्याला चोपडणं बंद करा. थरथर, लाळ आणि सलाइन, हा त्याचा नेहमीचा शेवट. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. बोटांनी चिरडायची नाही, रॉकेल नाही, जळती काडी नाही.

खाणं सोडलं, ताप आला (कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्याच्या वर), नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, असं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, प्लेटलेट्ससकट. गोचिडींतून येणाऱ्या एर्लिचिया या आजाराला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा २८ दिवस देतात. जेवणानंतर, दुधाबरोबर नाही. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि गोळ्या बंद होतात, मग महिन्याभराने तेच दुखणं परत. लघवी गडद लाल असेल तर बबेसिया, हाही गोचिडींतूनच येणारा आजार, पण त्याचं औषध वेगळं.

प्रश्न : सोसायटीने ठराव केलाय : कुत्रं लिफ्टमध्ये न्यायचं नाही, जमल्यास काढून टाका. (इंदिरानगर)

उत्तर : बहुमताने केला तरी तो टिकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र सेक्रेटरींना लेखी पत्रासोबत द्या. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, घाबरणारं कोणी असेल तर पुढची लिफ्ट घ्या. पार्किंगमधली शी मात्र तुम्हीच उचलायची. त्यावर वाद नाही.

प्रश्न : आमच्याच कुत्र्याचा खेळताना मुलीला दात लागला, थोडं रक्त आलं. कुत्र्याला लस दिलेली आहे. तिला इंजेक्शन लागेल का?

उत्तर : आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. पट्टी घट्ट बांधू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे, कुत्र्याचं लसीचं कार्ड घेऊन. रक्त आलंय, म्हणजे जखम गंभीर गटातली. लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं का हे तेच ठरवतील. सरकारी रुग्णालयात लस मिळते. दंडात घ्यायचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात. कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवा. ते नेहमीसारखं खात-पीत राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का, तेही डॉक्टरच सांगतील, तुम्ही नाही.

प्रश्न : स्पिट्झ कुत्री सहा वर्षांची, पिल्लं कधी झाली नाहीत. महिन्यापूर्वी माजावर येऊन गेली. चार दिवस पाणी खूप पिते, खात नाही, मागून चिकट पिवळट स्राव. माजाचंच काही राहिलंय का?

उत्तर : पत्र लिहिणाऱ्या ताईंना उत्तर त्याच दिवशी कळवलं. इथे छापतोय ते इतरांसाठी. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत वाढलेली तहान, बंद झालेलं खाणं आणि स्राव म्हणजे गर्भाशयात पू झाल्याची शंका, आणि सोनोग्राफी आजच, उद्या नाही. स्राव नसेल तर धोका कमी नाही, जास्त : तोंड बंद असलेलं गर्भाशय आतच फुटतं. नुसत्या प्रतिजैविकाने दोन दिवस बरं वाटतं, म्हणून गाफील राहू नका. गर्भाशय काढणं हाच बहुतेक वेळा इलाज. ‘एकदा पिल्लं होऊ दिली की असं होत नाही’ ही समजूत चुकीची, नसबंदी केली तरच टळतं. टाके दहा-बारा दिवसांनी काढतात. तोवर गळ्यात प्लास्टिकचा कोन ठेवायचा, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी ती दाराला धडकते, ताटलीपर्यंत तोंड पोहोचत नाही. ताटली विटेवर ठेवा, पण कोन काढू नका.